व्हेनिस : खाजणातील नगर आणि त्याचे यात्रिक

व्हेनिस या नगराशी मराठी वाचकाचा परिचय भूगोलाच्या पुस्तकातून जेवढा झाला, तेवढाच, किंबहुना त्याहून अधिक, रंगभूमीच्या द्वारे झाला असे म्हणावयास हरकत नाही. महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी १८६७ साली 'ऑथेल्लो' मराठीत आणले; पुढे १८९० साली देवलांचा 'झुंझारराव' आला आणि त्याच कथेने महाराष्ट्रातील प्रेक्षकांना हेलावून सोडले. देवलांनी कथेला आपल्या मातीचा वेष दिला हे खरे. पण इंग्रजी शिकलेल्या दोन-तीन पिढ्यांच्या मनात मात्र धनाढ्य सावकार, न्यायासनासमोरचे वाद आणि पाण्याच्या वाटेने निघणारी जहाजे यांचे ते मूळ नगर कायमचे बसून राहिले. ज्या नगराला शेक्सपिअरने स्वतः कधी पाहिल्याचा पुरावा नाही, त्या नगराने त्याच्या दोन प्रसिद्ध नाटकांना रंगस्थळ पुरवावे, यातच त्या नगराच्या कीर्तीचे मर्म आहे. न पाहता ज्याचे चित्र मनात उभे राहते, असे हे स्थळ होय.

हे नगर उभे कसे राहिले, श्रीमंत कसे झाले, त्याची सत्ता गेल्यावरही यात्रिकांचा ओघ का आटला नाही, आणि आज तोच ओघ त्याला तारतो आहे की बुडवितो आहे, या प्रश्नांचा क्रमाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. विषय दूरदेशीचा वाटला तरी त्याचे धागे गोव्यापर्यंत, नव्हे आपल्या घरातील दागिन्यांच्या डब्यापर्यंत, येऊन पोचतात, हे ओघाने दिसून येईलच.

प्रथम स्थान पाहू. इटलीच्या ईशान्येस, एड्रिआटिक समुद्राच्या शिरोभागी, सुमारे साडेपाचशे चौरस किलोमीटर क्षेत्राचे एक उथळ खाजण आहे. नद्यांनी आणलेला गाळ आणि समुद्राच्या लाटा यांच्या ओढाताणीतून किनाऱ्याला समांतर वाळूचे लांब दांडे तयार झाले. त्यांच्या आतल्या बाजूस खारे पाणी, चिखल आणि लहान लहान बेटे राहिली. दांड्यांमधील तीन तोंडांतून दिवसातून दोनदा भरती आत येते व ओहोटी बाहेर जाते. ज्यांनी गोव्यातील खाजणे पाहिली आहेत त्यांना हे दृश्य अगदीच अपरिचित वाटणार नाही. फरक इतकाच की, गोव्यातील गावकऱ्यांनी बांध घालून खाजणात भात पिकविला. व्हेनिसच्या लोकांनी खाजणातच नगर वसविले.

असे अवघड स्थान कोणी हौसेने निवडीत नाही. परंपरा या नगराची स्थापना ४२१ सालच्या २५ मार्च या दिवशी झाली असे सांगते. परंतु ही तिथी दंतकथेतली आहे. खरी गोष्ट अशी की, रोमन साम्राज्य मोडकळीस आल्यावर उत्तरेकडून टोळ्यांचे हल्ले होऊ लागले, आणि ५६८ साली लोंबार्ड लोक इटलीत उतरल्यावर मुख्य भूमीवरील नगरांतील लोकांनी बेटांचा आश्रय घेतला. घोडेस्वारांना चिखल ओलांडता येत नाही आणि खाजणातील खोल वाटा परक्या नावाड्यांना ठाऊक नसतात, ही त्यांची तटबंदी. तोर्चेल्लो बेटावरील प्रार्थनामंदिराची स्थापना ६३९ सालची आहे. नवव्या शतकाच्या आरंभी सत्तेचे केंद्र रिआल्टोच्या बेटसमूहावर आले आणि आज आपण ज्याला व्हेनिस म्हणतो ते नगर आकारास येऊ लागले. ८२८ साली दोन व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियाहून संत मार्कचे अवशेष गुपचूप आणले, असे तेथील कथा सांगते. पुढे त्या संताचे चिन्ह असलेला पंखधारी सिंह हा या राज्याचा ध्वजचिन्ह झाला.

आता बांधणीची रीत. शिक्षकांना वर्गात नेहमी विचारला जाणारा प्रश्न हाच असतो, की चिखलावर दगडी वाडे उभे राहतात कसे? लार्च, ओक, आल्डर अशा झाडांचे सोट चिखलात एकमेकांशेजारी दाट ठोकून जमीन घट्ट करीत. त्यांवर जाड फळ्यांचा थर घालीत. त्यावर इस्ट्रियाच्या किनाऱ्यावरून आणलेल्या, पाणी सहसा न शोषणाऱ्या पांढऱ्या दगडाचे थर रचीत. आणि त्यानंतर वर विटांचे हलके काम करीत. लाकूड पाण्याखाली व चिखलात प्राणवायूपासून दूर राहत असल्यामुळे उघड्या हवेतल्याप्रमाणे लवकर कुजत नाही. ते मुळीच झिजत नाही असे मात्र नव्हे. परंतु लाकूड, चिखल आणि पाणी यांनी मिळून भार पेलला असल्यामुळे शतकानुशतके इमारती उभ्या राहिल्या. १६३०-३१ च्या महामारीनंतर नवसाचे म्हणून जे सांता मारिया देल्ला सालूते हे मंदिर बांधावयास घेतले, त्याच्या पायात दहा लाखांहून अधिक सोट घातले असे सांगतात.

दुसरा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा. चोहोंकडे पाणी, पण ओंजळभरही गोडे नाही, अशी अवस्था. तेथे खरी विहीर लागत नसे. म्हणून प्रत्येक चौकाखाली मोठा खड्डा खणून त्याला चिकणमातीचे अस्तर देत, तो वाळूने भरीत आणि मधोमध विटांचा एक उभा कूप बांधीत. चौकात पडलेले पावसाचे पाणी दगडी जाळ्यांतून वाळूत उतरे, गाळून कूपात जमे आणि तेथून ते शेंदून काढीत. म्हणजे वरून दिसावयाला विहीर, पण वस्तुतः ते पावसाच्या पाण्याचे टाके! १८८४ साली मुख्य भूमीवरून नळाने पाणी येईपर्यंत सारे नगर याच टाक्यांवर जगले. आज प्रवासी ज्या कोरीव दगडी कठड्यांजवळ उभे राहून छायाचित्रे काढतात, ते या टाक्यांचे कठडे होत.

नगर सुमारे एकशे अठरा बेटांचे असून त्यांना चारशेहून अधिक पूल जोडतात. मुख्य कालवा उलट्या 'एस' अक्षरासारखा वळत सुमारे पावणेचार किलोमीटर जातो. त्यावर आज अवघे चार पूल आहेत. त्यांतील रिआल्टोचा एका कमानीचा दगडी पूल १५८८ ते १५९१ या काळात बांधला गेला. चाकाचे वाहन नगरात चालत नाही. माणसे पायी किंवा नावेने जातात. भाजी, टपाल, रुग्ण आणि शव हीदेखील पाण्यावरूनच जातात. येथील गोंडोला ही नाव सुमारे अकरा मीटर लांब असून तिची डावी बाजू उजवीपेक्षा अधिक फुगीर असते. नावाडी एका बाजूस उभा राहून एकाच वल्ह्याने नाव हाकतो. त्यामुळे ती एका अंगाला वळू नये म्हणून ही मुद्दाम केलेली विषमता होय. सरदारांच्या नावांवरील भपका आटोक्यात आणण्यासाठी सोळाव्या शतकात कायदा झाला आणि काळा रंग रूढ झाला.

या नगराची संपत्ती कोठून आली? उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर 'मध्यस्थी'. मलबारची मिरी, सिलोनची दालचिनी, पूर्वेकडचे रेशीम हा माल अरबांच्या गलबतांतून तांबड्या समुद्राने ईजिप्तला किंवा इराणी आखाताने सीरियाला येई. तेथून व्हेनिसचे व्यापारी तो उचलीत आणि युरोपभर विकीत. १२०४ साली चौथ्या धर्मयुद्धाच्या सैन्याला कॉन्स्टंटिनोपलकडे वळवून व्हेनिसने त्या नगरीची जी लूट केली, तिच्यात तिचा मोठा वाटा होता. संत मार्कच्या मंदिरावरील चार कांस्य घोडे त्याच लुटीतले. १७९७ साली नेपोलियनने ते पॅरिसला नेले व १८१५ साली ते परत आले, म्हणजे लुटीचीही पुन्हा लूट झाली! ही बाजू लपवून व्हेनिसचे गुणगान करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१२८४ साली या राज्याने सोन्याचा 'डुकाट' पाडण्यास प्रारंभ केला. सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे हे नाणे राज्याच्या अंतापर्यंत, पाचशेहून अधिक वर्षे, जवळपास त्याच कसाने व त्याच चित्राने निघत राहिले. एका बाजूस संत मार्कसमोर गुडघे टेकलेला राज्यप्रमुख, म्हणजे डोज, आणि दुसऱ्या बाजूस ख्रिस्ताची उभी आकृती. युरोपला हिंदुस्थानातून घ्यावयाचे पुष्कळ असे आणि द्यावयाचे थोडे. म्हणून हे सोने आपल्या बंदरांत येत राहिले. नाण्यावरील आकृतींमुळे आपल्याकडे त्याला 'पुतळी' हे नाव पडले आणि सोनारांनी त्याच्या नकला करून पुतळ्यांची माळ घडविली. आजीच्या गळ्यातील त्या माळेचे मूळ एड्रिआटिकच्या खाजणात आहे, हे किती घरांत ठाऊक असेल?

माणसेही आली. मार्को पोलो १२७१ साली निघून १२९५ साली परतला. त्याच्या वृत्तांतात आपल्या ठाण्याचे वर्णन आहे. पंधराव्या शतकात निकोलो दे कोंती विजयनगरास पोचला. १५६७ साली चेझारे फेदेरिची याने उद्ध्वस्त झालेले विजयनगर पाहिले. परंतु मराठी वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल तो निकोलाओ मनुची. १६३८ साली व्हेनिसमध्ये जन्मलेला हा मुलगा लहानपणीच घर सोडून जहाजावर चढला, १६५६ साली सुरतेस उतरला आणि पुन्हा मायदेशी गेला नाही. १६६५ साली मिर्झा राजा जयसिंगाच्या छावणीत त्याची व शिवाजी महाराजांची भेट झाली, असे तो आपल्या ग्रंथात सांगतो. पुढे गोव्याचे पोर्तुगीज आणि संभाजी महाराज यांच्यातील बोलण्यांतही तो मध्यस्थ म्हणून वावरला. मध्यस्थी हा या नगराचा धंदा होता, आणि त्याचे हे पुत्रही तोच धंदा करीत जगले.

१४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोचला आणि ही बातमी व्हेनिसच्या बाजारात थडकली तेव्हा जिरोलामो प्रिउली या रोजनिशीकाराने ती सर्वांत अशुभ वार्ता म्हणून नोंदविली. १५०४ साली सुवेझजवळ कालवा खणण्याची सूचना ईजिप्तच्या सुलतानापुढे ठेवावी, असाही विचार तेथे झाला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले. तेव्हापासून व्हेनिस मावळले असे शाळेच्या पुस्तकांत लिहिलेले असते. ते पूर्ण खरे नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास मिरीचा जुना मार्ग पुन्हा वाहू लागला होता. खरा घाव बसला तो सतराव्या शतकात, डच आणि इंग्रज यांच्या कंपन्यांनी पूर्वेचा व्यापार हाती घेतल्यावर. मधल्या काळात हे नगर केवळ तग धरून राहिले नाही, तर तिशियन, तिंतोरेत्तो, वेरोनेझे या चित्रकारांनी त्याला झळाळी आणली. आल्दुस मानुतियसच्या छापखान्यातून १५०१ साली तिरक्या वळणाच्या टायपात हातात मावणारे लहान ग्रंथ निघाले. ग्रंथ मठाच्या मेजावरून वाचकाच्या खिशात आला, हे ऋण आपणा पुस्तकप्रेमी मंडळींनी विसरू नये.

या नगराने जगाला शब्दही दिले. १५१६ साली ज्यूंना एका बेटावर कोंडून रात्री दरवाजे लावण्यात येऊ लागले. त्या जागेचे नाव 'गेत्तो', तेच पुढे सर्व जगात कोंडवस्तीचे नाव झाले. रोगाच्या संशयावरून जहाजाला चाळीस दिवस दूर ठेवण्याची जी रीत, तिचे 'क्वारंटाइन' हे नाव तेथल्या 'चाळीस' या शब्दावरून आले. १४२३ साली महामारीच्या रुग्णांसाठी स्वतंत्र बेटावर कायमचे रुग्णालय याच राज्याने काढले. वैभव, शहाणपण आणि क्रौर्य ही तिन्ही एकाच नगरात नांदत होती.

१७९७ सालच्या मे महिन्यात नेपोलियनच्या सैन्यापुढे हे हजार वर्षांचे प्रजासत्ताक लढाईवाचून संपले. नगर ऑस्ट्रियाच्या हाती गेले आणि १८६६ साली इटलीत सामील झाले. सत्ता गेली, व्यापार गेला. राहिले ते रूप. आणि येथूनच यात्रिकांच्या इतिहासाचे दुसरे पर्व सुरू होते. अठराव्या शतकात इंग्रज उमरावांची मुले शिक्षणाचा शेवटचा संस्कार म्हणून इटलीला जात. कानालेत्तोची चित्रे ते आठवण म्हणून घरी नेत. १७८६ साली ग्योटे आला, पुढे बायरन आला. रस्किनने १८५१ ते १८५३ या काळात या नगराच्या दगडांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. १८४६ साली आगगाडीचा पूल झाला आणि १९३३ साली मोटारींचा. दोन्ही नगराच्या उंबरठ्याशीच थांबतात. १९३२ साली चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला. त्यात १९३७ साली प्रभातच्या 'संत तुकाराम'चा गौरव झाला, आणि २०१४ साली 'कोर्ट' या मराठी चित्रपटाला पारितोषिके मिळाली. देहूच्या वाण्याची कथा त्या व्यापाऱ्यांच्या नगरात वाखाणली गेली, हा योग आम्हांस मोठा मनोज्ञ वाटतो.

मग हे आकर्षण टिकले कशामुळे? केवळ सौंदर्यामुळे, हे उत्तर अपुरे आहे. सुंदर नगरे पुष्कळ आहेत. आमच्या मते कारण असे की, येथे माणसाची चाल बदलत नाही. चाकाचा आवाज नसल्यामुळे पावले ऐकू येतात. वाट चुकली तरी कोठल्या तरी चौकात माणूस पोचतोच. आणि पाचशे वर्षांपूर्वीचा माणूस ज्या गतीने त्या गल्लीतून गेला त्याच गतीने आजचाही जातो. येथे इतिहास संग्रहालयात जाऊन पाहावा लागत नाही. तो पायाखाली असतो. शिवाय हे सारे नाशाच्या काठावर उभे आहे ही जाणीव पाहणाऱ्याच्या मनातून कधी जात नाही. १९०२ साली संत मार्कच्या चौकातील उंच घंटाघर डोळ्यांदेखत कोसळले. नागरिकांनी ते 'जसे होते तसेच, जेथे होते तेथेच' बांधावयाचे ठरविले आणि १९१२ साली ते पुन्हा उभे राहिले.

पाण्याशी या नगराचे नाते मुळापासून दुहेरी आहे. नद्यांच्या गाळाने खाजण भरून जाऊ नये म्हणून राज्याने ब्रेंता, पिआवे या नद्यांची मुखे वळविली. समुद्राने दांडे फोडू नयेत म्हणून १७४४ ते १७८२ या काळात दगडी भिंती बांधल्या. पाण्याची देखरेख करण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमले. विसाव्या शतकाने मात्र उलट केले. समोरच्या किनाऱ्यावरील कारखान्यांसाठी जमिनीखालचे पाणी उपसले गेले आणि नगर खचले. १९७० नंतर हा उपसा थांबला, पण समुद्र चढतच राहिला. १९६६ सालच्या ४ नोव्हेंबरला पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत आले. २०१९ सालच्या १२ नोव्हेंबरला १८७ पर्यंत. शेवटी, पुष्कळ विलंब, प्रचंड खर्च आणि लाचखोरीचे खटले यांतून वाट काढीत, खाजणाच्या तीन तोंडांवर अठ्ठ्याहत्तर पोलादी झडपांचा बंधारा झाला. ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो प्रथम खऱ्या भरतीपुढे उभा राहिला आणि नगर कोरडे राहिले. भरतीला मिटणारा दरवाजा ही कल्पना गोव्यातील खाजणाच्या 'मानस'हून तत्त्वतः निराळी नाही. परंतु समुद्र जसजसा चढेल तसतशी झडप वारंवार मिटावी लागेल, आणि मिटलेले खाजण पाण्याच्या येण्याजाण्यावाचून आजारी पडेल, ही चिंता उरतेच.

पाण्याला दरवाजा करता आला. माणसांच्या ओसरण्याला कोणता दरवाजा करावा? १९५१ साली जुन्या नगरात पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ साली हा आकडा पन्नास हजारांच्या खाली आला. रिआल्टोजवळच्या एका औषधांच्या दुकानाच्या खिडकीत २००८ सालापासून हा उतरता आकडा दाखविणारा फलक लावलेला आहे. घरे प्रवाशांना भाड्याने दिली तर अधिक मिळते. म्हणून शिक्षक, सुतार, परिचारिका मुख्य भूमीवर राहावयास जातात. भाजीवाल्याच्या जागी मुखवट्यांचे दुकान येते. २०२१ सालच्या ऑगस्टपासून प्रचंड प्रवासी जहाजांना नगराजवळील कालव्यातून जाण्यास बंदी झाली. २०२४ साली काही ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेणे सुरू झाले. तिकीट घेऊन ज्यात शिरावयाचे ते नगर की प्रदर्शन, असा कडवट प्रश्न तेव्हा तेथील रहिवाशांनीच विचारला.

या प्रश्नाचे एक उत्तर खाजणातच आहे. तोर्चेल्लो हे व्हेनिसच्या आधी भरभराटलेले बेट. गाळ साचला, हिवताप आला, माणसे निघून गेली. आज तेथे ते जुने मंदिर आहे आणि बोटांवर मोजण्याइतके लोक. दुसरे उत्तर आपल्या जवळचे आहे. ज्या गोव्याने व्हेनिसच्या मिरीवर घाला घातला, त्या जुन्या गोव्यातूनही रोगराईमुळे वस्ती उठली. व्हाइसरॉयनी मुक्काम हलविला आणि १८४३ साली पणजी राजधानी झाली. तेथील मंदिरे १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत आली. व्हेनिस त्याच यादीत पुढच्याच वर्षी, १९८७ साली, आले. दोन प्रतिस्पर्धी एका पंक्तीत बसले खरे. परंतु जुन्या गोव्यात आज घंटा वाजते आणि भाविक येतात, तरी संध्याकाळी चुली पेटणारे नगर तेथे उरलेले नाही. व्हेनिसमध्ये त्या अजून पेटतात. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

व्हेनिसचा खरा चमत्कार दगडांचा नव्हता. चिखलात सोट ठोकणारे, टाक्यांची वाळू बदलणारे, नद्यांवर नजर ठेवणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिले आणि पाण्याशी रोज नव्याने तह करीत आले, हा तो चमत्कार. यात्रिकाने त्या नगरास अवश्य जावे. पण दोन प्रहरांच्या धावपळीत चौक पाहून परत फिरण्याऐवजी चार दिवस राहावे, तेथल्या माणसाच्या दुकानात पैसे मोडावेत, आणि सकाळी शाळेत निघालेली मुले दिसली तर त्यांच्यासाठी गल्लीत थोडे बाजूला सरावे. जोवर ती मुले त्या वाटेने जात आहेत तोवर ते नगर आहे. आपल्यापैकी जी मंडळी आपल्या मूळ प्रदेशापासून दूर, परक्या भाषांच्या भरतीओहोटीत, आपली भाषा आणि आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या टिकवून आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.